राखणीची खुर्ची

१

रविवारची जेवणे आटोपली, की ताईंच्या घरातले टेबल पुसून कोरडे केले जाई आणि त्यावर दुसरे जग मांडले जाई. ताईंचा व्यवसायच तो होता. भूमिकाखेळांची पुस्तके त्या लिहीत. अमुक एक कल्पित देश, तिथली माणसे, त्यांच्या चालीरीती, त्यांची भये. खेळणाऱ्यांनी त्या देशातले एकेक पात्र घ्यायचे, त्याच्याच तोंडून बोलायचे, अडेल तिथे फासे टाकायचे; आणि सूत्रधाराने त्यांना वाट दाखवीत, शक्यतो चुकवीत, पुढे न्यायचे. पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी ते घरी खेळून पाहण्याचा ताईंचा शिरस्ता होता, आणि सूत्रधार अर्थातच त्या स्वतः असत.

त्यांना ताई म्हणे ती मुळात त्यांची धाकटी बहीण. पुस्तकांतली चित्रे तीच काढी. तिचे ऐकून नवराही ताई म्हणू लागला. त्याचे चष्म्याचे दुकान होते. "जगाला स्पष्ट दिसावं म्हणून मी झटतो, आणि ही बाई जगाला नसलेलं दाखवते," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने सांगे. चौथी खेळाडू त्यांची मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बापाने तिचे नाव पसारा ठेवले होते, आणि ते तिने रोजच्या रोज सार्थ केले होते.

"पसारा, हा ओला टॉवेल पलंगावर कोणाचा?" ताईंचा दिवस याच वाक्याने सुरू होई.

"अगं हो, उचलते ना! दोन मिनिटं!"

"तुझी दोन मिनिटं संपेपर्यंत गादीला बुरशी येईल. आणि चहाचे कप कुठे कुठे दडवतेस? घरात सहा होते, आता दोन दिसतायत."

"दडवत नाही गं, विसरते."

"कप विसरायला ते काय पाठांतर आहे?"

त्यावर चष्मेवाले वर्तमानपत्राआडून हसत, आणि दाराआडून पसाऱ्याचा तो लांबलेला, कुरकुरता "येतेऽऽ ना" ऐकू येई. ताईंना त्या आवाजाची मनस्वी चीड होती.

२

राजवाडे, तलवारी आणि आग ओकणारे सर्प यांचा ताईंना वीट आला होता. प्रत्येक पुस्तकात तेच किल्ले, तेच सरदार. या खेपेला त्यांनी ठरवले होते, की ज्यांच्याकडे आजवर कोणी ढुंकूनही पाहिले नाही अशा लोकांच्या जगण्यावर खेळ रचायचा. शोधता शोधता त्यांना मीठतळ्याकाठचे लोक सापडले. तळे कधीच आटले होते, माणसेही पांगली होती. एका वृद्धाश्रमात मात्र त्यांच्यातल्या एक आजी होत्या. ताई त्यांच्याकडे जात, समोर बसत आणि त्या सांगतील ते ध्वनिमुद्रित करीत.

आजींनी एकदा जागा राखण्याची रीत सांगितली. तळ्यावर मिठाची साय धरे. त्या सायीवरून चालत जाऊन मीठ खरवडून आणायचे. साय कधी फुटे, आणि गेलेले माणूस परत येत नसे. अशा माणसाची घरातली जागा रिकामी ठेवायची नाही. घरातल्या एकाने संध्याकाळी त्या जागेवर बसायचे आणि गेलेल्याच्या वतीने बोलायचे, म्हणजे गेलेल्याला आपण विसरले गेलो असे वाटत नाही.

"आणि उठायचं कसं?" ताईंनी विचारले होते.

आजी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. "बसलेलीला कोणीतरी टाकून बोलायचं. म्हणजे तिच्या स्वतःच्या चुकीवरून हं, गेलेल्याच्या नाही. भांडं घासलं नाहीस, दार उघडं टाकलंस, असं काहीतरी. चांगलं खडसवायचं. मग ती उठते."

धाकटीला हे फार आवडले. "ताई, हेच तर खरं! बाकी सगळं गंभीर, आणि शेवटी आईच्या शिव्या! मी चित्र काढते याचं."

"मुळीच नको," ताई म्हणाल्या. "एका संपत आलेल्या समाजाची रीत आपण जगापुढे मांडतोय. ती अदबीनं मांडायला हवी. शेवटी भांड्यांवरून वाद घातला तर लोक म्हणतील, यांनी टिंगल केली. आपण लिहू, की दिवा मालवतात आणि बसलेलीला नमस्कार करतात."

"पण ते खरं नाही."

"शोभेसं आहे."

आदराच्या पोटी माणूस एखाद्याचे किती काय गाळून टाकतो, हे ताईंच्या ध्यानात आले नाही. शुद्धलेखनाची एक चूक त्यांना झोप येऊ देत नसे. हा बदल मात्र त्यांनी एका फटक्यात केला, आणि मजकूर कसा देखणा झाला म्हणून स्वतःवरच खूश झाल्या.

३

त्या रविवारी टेबलाशी पाचवी खुर्ची मांडली गेली. राखणीची खुर्ची. तळ्यावरून न परतलेल्या मुलीची जागा कोणी राखायची, यासाठी फासे टाकले. पसाऱ्याचे दान पडले.

"माझंच नशीब," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसली. "काय बोलू? आई, मी मेलेय का हरवलेय?"

"ते तुला माहीत नाही. त्यातच गंमत आहे. तू फक्त घरी काय चाललंय ते विचार."

पसाऱ्याने घसा खाकरला. प्रथम ती नाटकी बोलली, तेव्हा धाकटी फिदीफिदी हसली. मग हळूहळू तिचा आवाज खाली गेला. घरच्यांनी दार कोणत्या बाजूला केले आहे, असे तिने विचारले. अंगणातल्या रांजणावर अजून झाकण आहे का, असे विचारले. फार गोड, फार समजूतदार बोलली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"वा!" ताई म्हणाल्या. "फार छान. याहून चांगलं कोणी करणार नाही." त्यांनी टेबलावरचा दिवा मालवला आणि ठरल्याप्रमाणे मुलीला नमस्कार केला. सगळ्यांनी केला. खेळ संपला.

पसारा खुर्चीतून उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली, आणि एका हाताने भिंतीचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने तिने आपल्या पायाचा तळवा झटकला. मग दुसरा. मग आत गेली.

"हे कुठून आणलं?" धाकटीने विचारले. "पुस्तकात आहे?"

"असेल," ताई म्हणाल्या. त्यांनी ते लिहिलेले नव्हते, एवढे त्यांना पक्के आठवत होते. तरी मुलीने केव्हातरी ध्वनिमुद्रणे ऐकली असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आतून भांडी घासल्याचा आवाज आला. कोणी न सांगता.

४

पुढचे दिवस त्या घराने कधी अनुभवले नव्हते इतके सुखाचे गेले.

टॉवेल दोरीवर वाळे. पलंगावरची चादर अशी ओढलेली असे, की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. आरशापुढच्या कंगव्यात एक केस सापडत नसे. ताई येईल त्याला कौतुकाने सांगत, "एकाएकी शहाणी झाली हो आमची," आणि ते ऐकताना मुलगी नम्रपणे मान खाली घाली. जितके कौतुक होई तितकी ती अधिक शांत, अधिक नीटनेटकी होत जाई.

"आई, तुम्ही बसा. मी करते," असे ती एका सकाळी म्हणाली.

ताईंच्या हातातली मिठाची चिमटी पातेल्यावरच थांबली. "तुम्ही? मला कधीपासून अहोजाहो करायला लागलीस?"

"आता सासरी जायची तयारी दिसतेय," धाकटी चित्राचे कागद गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "मुलगा कोण गं? निदान मावशीला तरी सांग."

मुलगी हसली. ते हसू चांगले होते. पण ते धाकटीच्या थट्टेला दिलेले उत्तर नव्हते. परकी भाषा न कळणाऱ्या पाहुण्याने यजमान हसले म्हणून हसावे, तसे ते होते.

चष्मेवाल्यांनी त्या दिवशी दुकानात जाताना ताईंना जिन्यात गाठले. "ताई, एक विचारू? तिला पसारा म्हणायला माझी जीभ वळत नाही. काल हाक मारणार होतो, तर शब्दच येईना. आपण तिला काही फार बोललो का?"

"उलट कोणीच काही बोललेलं नाही. बोलायला तिनं जागा कुठे ठेवलीय?"

"तेच म्हणतो मी."

ताई विचार करणाऱ्या बाई होत्या. मुली या वयात बदलतात. परीक्षा जवळ आल्या, की काहींना टापटिपीचे वेड लागते. आणि सूत्रधार म्हणून त्यांनीच कितीदा पाहिले होते, की एखादे पात्र खेळाडूच्या अंगावर दोन दिवस रेंगाळते. या सगळ्याने त्यांचे समाधान होत आले होते. फक्त आवाजाचे काही केल्या जमेना. दुपारी त्या लिहीत बसत तेव्हा मुलगी अनवाणी पायांनी बोळातून जाई, तिथे फरशी होती, आणि पावलागणिक काहीतरी बारीक तडकल्याचा आवाज येई. पातळ काचेवर जपून पाय द्यावा तसा. त्यांनी बोळ झाडून पाहिला. केरात काच नव्हती. उंबऱ्यांच्या कडेला मात्र पांढरी भुकटी साचली होती. बोटावर घेऊन ती जिभेला लावावी असे त्यांना वाटले. आणि मग त्यांनी तसे केले नाही.

५

आजींच्या खोलीत सकाळचे ऊन आले होते. ताईंनी उगाच इकडचे तिकडचे विचारले. मग, जणू पुस्तकासाठीच, म्हणाल्या, "तुमच्याकडे घरात शिरताना पाय झटकायची पद्धत होती का?"

"मग! सगळ्या घरात मीठ कशाला न्यायचं? पण हे मी तुला सांगितलं नव्हतं." आजींनी पांघरुणाची कड सरळ केली. "खेळ झाला वाटतं तुमचा. कोण बसली होती?"

"माझी मुलगी."

"उठवलीत?"

"आम्ही दिवा मालवला. नमस्कार केला."

आजींनी पांघरूण बाजूला सारले. बाहेर कोणीतरी बादली आपटली.

"नमस्कार गेलेल्याला करतात, बाई," त्या म्हणाल्या. "कौतुकही गेलेल्याचंच करतात. घरातल्या माणसाला आपण टाकून बोलतो. तुम्ही तिला टाकून बोललाच नाहीत?"

"ते... मला ते गाळावंसं वाटलं. बरं दिसलं नसतं."

"कोणाला?"

ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"आता तरी बोल," आजी म्हणाल्या. "पण खरं हवं. आणि अजून तसंच पडून असलेलं हवं. निस्तरलेली चूक उगाळून चालत नाही. चूक कोणी निस्तरली, की ती गेली."

"आता ती चुकतच नाही, आजी."

"ती कशी चुकेल? तिचं घर नाही ते. परक्या घरात कोणी पसारा करतं का?"

ताई जायला उठल्या. तरी त्यांच्यातल्या लिहिणाऱ्या बाईने विचारलेच. "तुमच्या घरी कोणाची जागा राखली होती का कधी?"

"माझ्या थोरल्या बहिणीची. मीच बसले होते." आजींनी उशाशी ठेवलेला पेला उचलला, पुसला आणि पालथा घातला. "आई खडसवायला उठली, तेवढ्यात तिला घेरी आली. ती मग उठलीच नाही. बाकीचे रडण्यात गुंतले." त्या गोड हसल्या. अगदी मुलीसारख्या. "सगळे म्हणायचे, धाकटी किती शहाणी झाली."

ताई निघाल्या तेव्हा आजी त्यांना दारापर्यंत पोचवायला आल्या, आणि परत खोलीत शिरताना भिंतीला धरून त्यांनी तळवे झटकले. ताईंनी ते पाहिले नाही असे स्वतःला सांगितले आणि जिना जवळजवळ धावत उतरल्या.

६

घरी मुलगी टेबलाशी बसली होती. पाचवी खुर्ची रविवारनंतर गच्चीवर नेऊन ठेवली होती. ती खाली कोणी आणली, ते ताईंनी विचारले नाही.

"आलात? पाणी देऊ?"

"नको." ताई थेट मुलीच्या खोलीत शिरल्या. पलंग पाहिला. दोरी पाहिली. टेबलाचे खण उघडले. वह्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. न्हाणीघरातल्या जाळीत केसांचा गुंता नव्हता. पायपुसणे सरळ होते. जिच्या अव्यवस्थेपायी त्यांनी वीस वर्षे घसा कोरडा केला, तिची एक चूक मिळावी म्हणून त्या आता गुडघे टेकून पलंगाखाली हात घालीत होत्या. खोलीत त्यांच्या मुलीचे काही उरले नव्हते. वासही नव्हता.

त्या बाहेर आल्या, दार लोटून घेतले आणि आवाज चढवून म्हणाल्या, "टॉवेल कोणी टाकला पलंगावर?"

"कुठे, आई?" खुर्चीतल्या मुलीने सौम्यपणे विचारले. खरेच होते. कुठे?

ताई बोळात भिंतीला टेकल्या. तिथे धुण्याचे यंत्र होते. यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काहीतरी चकाकले. त्यांनी दंडापर्यंत हात घातला, खांदा खरचटला, आणि बोटांना कान लागला. कपाचा कान.

कप निळ्या काठाचा होता. तळाशी चहाचा काळपट थर वाळून भेगाळला होता आणि त्यावर बुरशीची करडी लव आली होती. धुणे लावायला आलेली त्यांची पोरगी चहा पीत उभी राहिली असणार, कप वर ठेवला असणार, तो धक्क्याने मागे सरकला असणार, आणि ती विसरली असणार. ताईंना प्रथम रडू आले. मग, अगदी आतून, जुना, ताजा, खराखुरा राग आला.

"पसारा!" त्या ओरडल्या. "हे काय आहे? अगं किती दिवस झाले याला? झाड उगवलंय आत! एवढी घोडी झालीस, एक कप उचलून मोरीत ठेवता येत नाही? मी काय मोलकरीण आहे तुझी?"

खुर्चीतली मुलगी मान वळवून ऐकत होती. शेजारच्या घरातले भांडण कानावर यावे, तशी.

आणि लोटलेल्या दाराआडून, ताई आत्ताच जी खोली धुंडाळून आल्या होत्या तिच्यातून, आवाज आला. फार दूरचा. लांबलेला, कुरकुरता.

"अगं होऽऽ, धुते ना! येतेऽऽ!"

ताई दाराकडे वळल्या. थांबून चालणार नव्हते. "येते येते काय करतेस? आत्ता ये! या क्षणी! मला हा कप घासलेला दिसला पाहिजे!"

दाराआड पाऊल वाजले. तड. मग दुसरे. ती खोली एवढी लांब नव्हती. पलंगापासून दारापर्यंत फार तर चार ढांगा. आणि ही पावले मात्र येतच होती, मोकळ्यावरून यावी तशी, वाऱ्यातून यावी तशी, एकेक जपून टाकलेली, आणि प्रत्येक पावलाखाली ती पातळ काच तडकत होती. आता भरभर. आता जवळ. धाप लागल्याचेही ऐकू येऊ लागले.

"आणि चपला घालून ये, अनवाणी येऊ नकोस!" ताई काय बोलत होत्या ते त्यांचे त्यांना कळत नव्हते. हातातला कप त्यांनी दाराकडे उंच धरला होता, जणू पलीकडून तो दिसावा.

तो त्यांच्या हातातून कोणीतरी अलगद काढून घेतला.

"द्या, आई," मुलगी म्हणाली. "एवढं कशाला रागावता? मी धुते."

"नको! ठेव तो! तू नको धुऊस—"

पण कप आता तिच्या हातात होता. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली, तिने तळवे झटकले आणि ती आत गेली. ताई तिच्यामागे धावल्या, तिच्या मनगटाला झोंबल्या. ते मनगट थंड, कोरडे आणि खरखरीत होते, आणि हाताला चिकटलेले पांढरे काही त्यांनी नकळत पदराला पुसले. नळ सुटला. पाणी धो धो पडू लागले. त्या आवाजाखाली पावले आहेत की नाहीत ते कळेना. मुलीने कप आतून घासला, बाहेरून घासला, कानामागचा डागही नखाने काढला. मग पाणी निथळवून तो ओट्यावर पालथा ठेवला आणि नळ बंद केला.

घर शांत झाले.

ताई बोळात परतल्या आणि दाराला कान लावून उभ्या राहिल्या. पलीकडे, अगदी लाकडाला लागून, कोणीतरी थांबलेले होते. श्वास ऐकू येत होता. जणू कशाला बोलावले होते तेच त्या कोणाला आठवेना.

"आणि पंखा?" ताई म्हणाल्या. "खोलीतला पंखा सुरू टाकून कोण गेलं?"

पंखा बंद होता. त्यांनी स्वतः पाहिला होता.

दाराआडचा श्वास क्षणभर रेंगाळला. मग पाऊल वाजले. तड. या खेपेला दाराकडून दूर. ताईंनी दार ढकलले. नीटनेटका पलंग होता. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, स्वच्छ फरशीवर, दाराकडे तोंड केलेले अनवाणी पावलांचे पांढरे ठसे कडेने विरत चालले होते.

स्वयंपाकघरातून हात पुसत मुलगी आली.

"काही म्हणालात, आई?"